मोर सगळ्यात शेवटी

सहल ठरली ती कांदेपोहे टाळण्यासाठी. चंदनाला साडी नेसून ट्रे घेऊन बाहेर यायचं नव्हतं. शंतनूच्या आईला, म्हणजे पुण्याच्या सुनंदाबाईंना, असले कार्यक्रम जुनाट वाटत. आणि चंदनाच्या वडिलांना, भगवंतरावांना, मुलीचं लग्न म्हटलं की काहीतरी आखायला हवंच होतं. मग असं निघालं की सुनंदाबाई मुलाकडे राहायला बेंगळुरात येतायत, तर त्यातल्या रविवारी दोन्ही घरांनी मिळून बन्नेरघट्ट्याला जावं. प्राणी बघावेत, डबे खावेत आणि माणसांनी माणसांना निरखून घेतलं हे कुणी बोलून दाखवू नये.

भगवंतरावांची उभी हयात एका कारखान्याच्या बसगाड्या वेळेवर सोडण्यात गेली होती. निवृत्तीनंतर सोडायला बस उरली नाही, तेव्हा ते घरच्या माणसांना सोडू लागले. राजाजीनगरच्या त्या दुमजली घरातून कुणी दाढदुखीसाठी डॉक्टरकडे निघालं तरी जायची वाट, यायची वाट आणि वाटेत पाऊस आला तर थांबायचं ठिकाण आदल्या दिवशी ठरलेलं असे. त्यांची बायको सकवारबाई हे सारं एका कानानं ऐके आणि दुसऱ्यानं कुकरच्या शिट्ट्या मोजे. संसार बरा चालला होता तो त्यामुळंच.

वाघसिंहांची सफारी त्यांनी पहिल्या फटक्यात बाद केली. जाळीच्या बसमध्ये धक्के खात माणसं बोलणार काय? त्यापेक्षा शेजारचं छोटं प्राणिसंग्रहालय बरं, पायी फिरता येतं. ते बघून यायला म्हणून ते एकटेच गेले, आणि गेले मंगळवारी. मंगळवारी ते बंद असतं. "हीसुद्धा माहितीच आहे," असं म्हणत परत आले आणि बुधवारी पुन्हा गेले. बुधवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांनी वाट्या मांडल्या.

"ही फाटकाजवळची वाटी म्हणजे मोर," ते म्हणाले. "त्याच्यापुढं माकडं. हे ताट म्हणजे तळं, त्यात मगरी. हा तांब्या अस्वल. इथं हरणं, इथं सावली, इथं जेवण. चटया मल्लाप्पा टाकंल." मल्लाप्पा म्हणजे ठरवलेल्या मॅटाडोरचा ड्रायव्हर. त्याला अजून यातलं काही ठाऊक नव्हतं.

"आणि ऊट काय न्यायचं अण्णा?" सगुणाबाईनं जेवणाचं विचारलं. ही भगवंतरावांची धाकटी बहीण, वरच्या खोलीत राहायची.

"चित्रान्न, दहीभात, कोशिंबीर. मटण नको. वाघ वास घेत बसणार आणि आपण हाडं चघळणार, बरं दिसत नाही."

"मटण नाही म्हणून पुण्याची माणसं रुसली तर?" चंदना म्हणाली.

"रुसली तर वाघाला सांगू समजूत काढायला," भगवंतराव म्हणाले. ते खुशीत होते. पहिली वाटी त्यांनी बोटानं जरा पुढं सरकवली. "सुरुवात मोरापासून. देवकाला हात जोडून आत शिरायचं. शुभकार्य आहे."

मोराचं पीस हे त्यांच्या घराण्याचं देवक. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडं आलेली ही माणसं. मराठी घरापुरती उरली, तीही निम्मी कन्नडात भिजलेली. सणवार बदलले, स्वयंपाक बदलला. देवक मात्र राहिलं. त्या घरात मोराच्या पिसावर कुणी पाय दिला नाही, मोराच्या पिसाचा पंखा कधी आला नाही, आणि कुठंही मोर दिसला की हात आपोआप जुळायचे. पोरांना हे बोलायच्या आधी यायचं.

देवकाच्या बाबतीत भगवंतरावांचा कडकपणा भाऊबंदांत प्रसिद्ध होता. ज्यांचं देवक एक, त्यांचं रक्त एक, आणि त्यांच्यात सोयरीक नाही. सगुणाबाईचं लग्न त्यांनी यापायीच मोडलं होतं. वडील नव्हते, थोरला भाऊ म्हणून कारभार त्यांच्याकडं. साखर वाटून झाली होती, आणि मग कुणाच्या तोंडून कळलं की होसूरच्या त्या स्थळाचंही देवक मोराचं पीसच. भगवंतराव स्वतः गाडीत बसून गेले आणि नारळ परत करून आले. त्यानंतर सगुणाबाईचं कुठं जमलं नाही. ती शाळेत चित्रकला शिकवायला लागली, केस पिकले, निवृत्तही झाली. भगवंतराव ती हकिकत अजून सांगत, आणि अभिमानानं सांगत. ती सुरू झाली की सगुणाबाई वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर जाई. कपडे नसले तरी जाई.

सकवारबाईला हे सारं रोजचं होतं. तिला सध्या एकच गोष्ट दिसत होती, ती म्हणजे चंदनाचं लग्न. पोरगी अठ्ठाविशीची झाली होती. आधीची दोन स्थळं पुण्याकडचीच होती. एकानं तिची मराठी ऐकून हसू दाबलं, दुसऱ्यानं दाबलंही नाही. हा शंतनू तिच्याच ऑफिसातला, व्हाइटफील्डच्या बाजूला दोघं एकाच कंपनीच्या बसनं जायची. एक दिवस खोबरं खवता खवता चंदना म्हणाली होती, "अम्मा, हा नाही तर कुणी नको. धमकी नव्हे हं. सांगून ठेवते फक्त." आवाज साधाच होता. अगदी असाच साधा आवाज सकवारबाईनं या घरात आणखी एका बाईचा ऐकला होता, म्हणून तिला भीती वाटली.

शनिवारी सुनंदाबाईंचा फोन आला. त्या आदल्या दिवशीच शंतनूकडं येऊन पोचल्या होत्या. सकवारबाईनं फोन उचलला तेव्हा तिच्या दुसऱ्या हातात फोडणीची पळी होती.

"ताई, जेवणाचा फार घाट घालू नका हं," सुनंदाबाई म्हणाल्या. बाई मोकळ्या, बोलायला लागल्या की पाण्यासारख्या. "आणि तिथं मोर आहे का हो?"

"आहे की."

"मग मला तेवढं तिकडं न्या. मोराचं पीस आमचं देवक. इतक्या लांब येऊन हात न जोडता गेले तर सासूबाई घरात घ्यायच्या नाहीत." त्या हसल्या. "तसं आम्ही काही फार मानत नाही. पत्रिका नको, देणंघेणं नको. मुलीचा फोटो बघितला तेव्हाच मी शंतनूला म्हटलं, ओके. फक्त देवक एक नको. सासूबाई नव्वदीच्या आहेत, पण त्या एका बाबतीत अजून खणखणीत. त्या हो म्हणाल्याशिवाय आमच्याकडे पान हलत नाही. तुमचं कोणतं?"

पळीतलं तेल फरशीवर ठिबकलं. सकवारबाई म्हणाली, "ते आमच्याकडं पुरुषमाणसंच सांगतात अक्का. बाईमाणसानं सांगू नये."

असली काही रीत त्या घरात नव्हती. ती तिनं त्याच क्षणी पैदा केली. सुनंदाबाईंना मात्र पटली, उलट आवडलीच. "अगं बाई, किती जपलंय तुम्ही सगळं! मग उद्या भगवंतरावांनाच विचारीन."

फोन ठेवून सकवारबाई स्टुलावर बसली. पलीकडं भगवंतराव मल्लाप्पाला गाडीच्या स्टेपनीबद्दल विचारत होते. आत्ता उठून सांगितलं की प्रकरण मिटलं. उद्याची सहल रद्द, नारळ द्यायच्या आधीच परत, आणि वरच्या मजल्यावर आणखी एक खोली काढायची. तिला आपल्या नवऱ्याचा राग आला, आपल्या भिडस्तपणाचा आला, आणि दाणे टिपत फिरणाऱ्या त्या पाखराचाही आला. मग ती उठली आणि फरशी पुसून टाकली. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्याचा दिवस झाकूनच काढायचा, तिनं ठरवलं. एकदा पोरीचं जमून गेलं की मग बघू. मग काय बघणार हे तिलाही सांगता आलं नसतं.

अडचण वाटली त्याहून मोठी निघाली. रात्रीच्या जेवणाला भगवंतराव म्हणाले, "उद्या बोलता बोलता त्यांचं देवक विचारून घेतो. पुण्याची माणसं, दारातच विचारलं तर राग यायचा. हरणांजवळ विचारतो. हरणं बघताना माणूस स्वल्प मऊ होतो."

म्हणजे दोघं एकमेकांना एकच प्रश्न विचारायला टपलेली, आणि मध्ये ही. सकवारबाईनं आमटी वाढली आणि तीस वर्षांत पहिल्यांदा स्वतः आखायला बसली. गाडीत भगवंतरावांना पुढं ड्रायव्हरशेजारी बसवायचं, रस्ता दाखवायला. सुनंदाबाई मागं, आपल्याजवळ. हरणांपाशी काहीतरी करायचं. आणि मोर.

"अहो," ती म्हणाली, "मोर पहिला नको."

"का?"

"सकाळचं ऊन त्याच बाजूनं येत असंल की. डोळ्यावर ऊन घेऊन देवकाचं दर्शन कसलं? शेवटी ठेवा. जेवून, निवांत."

भगवंतरावांनी तिच्याकडं बघितलं. या घरात आखणीवर हरकत घ्यायची पद्धत नव्हती. पण हरकत मुद्द्याची होती. त्यांनी वाट्या पुन्हा मांडल्या, मोराची वाटी उचलून टेबलाच्या टोकाला नेली आणि खिडकीकडं बघून ऊन कुठून येईल याचा विचार केला. "सरी," ते म्हणाले. "मोर सगळ्यात शेवटी."

तिचा बेत सोपा होता. जेवण झालं की हे चटया गोळा करणार, डबे मोजणार, त्यात त्यांचा अर्धा तास जातो. तेवढ्यात सुनंदाबाईंना एकटीला मोरापाशी न्यायचं, हात जोडवायचे आणि परत आणायचं. मग घरच्यांनी जावं. दोन तुकड्या, एक मोर.

रविवार उजाडला. गाडी वेळेवर सुटली, वेळेवर पोचली. माकडांनी माकडांसारखं केलं. मगरी दगडासारख्या पडून राहिल्या आणि शंतनू म्हणाला, "टोटल टाइमपास आहे यांचा, अंकल." भगवंतरावांना तो पोरगा आवडायला लागला होता. तो प्रत्येक पाटी थांबून वाचत होता. सुनंदाबाई सगुणाबाईशी चित्रांबद्दल बोलत होत्या आणि मध्येच चंदनाच्या केसांवरून हात फिरवत होत्या. सगळं इतकं चांगलं चाललं होतं की सकवारबाई सारखी वळून भगवंतरावांकडं बघत होती.

हरणांपाशी भगवंतराव सुनंदाबाईंच्या जवळ सरकले आणि त्यांनी घसा खाकरला. सकवारबाईनं खाली वाकून आपल्या चपलेचा पट्टा दोन्ही हातांनी ओढून तोडला. चप्पल नवी होती, बरंच बळ लागलं. "अगं बाई, चप्पल तुटली!" ती ओरडली. सगळी थांबली. भगवंतरावांच्या पिशवीत सेफ्टी पिन असणारच होती आणि ती होती. त्यांनी उकिडवं बसून पट्टा टाचला, वर बाजारात हल्ली कसला माल मिळतो यावर दोन शब्द बोलले. तेवढ्यात हरणं सावलीत निघून गेली आणि प्रश्नही गेला.

जेवणं झाली. सुनंदाबाईंनी चित्रान्न दोनदा मागून घेतलं. भगवंतराव चटया झटकायला उठले, तशी सकवारबाईनं सुनंदाबाईंचा हात धरला. "चला की अक्का, मोर बघून येऊ." टाचलेली चप्पल फरफटत ती त्यांना जवळजवळ ओढतच घेऊन गेली.

मोराच्या पिंजऱ्यापुढं चंदना आणि शंतनू आधीच उभी होती. त्या दोघांपुढून मोर येत होता आणि जात होता, त्यांचं लक्ष नव्हतं. सुनंदाबाईंनी पायातून चपला काढल्या, डोळे मिटले आणि हात जोडले. त्याच वेळी मोर झाडाआडून बाहेर आला, चंदनाची मान वळली, आणि बोलता बोलता वाक्य अर्धंच सोडून तिनंही चपला काढल्या, डोळे मिटले, हात जोडले.

सकवारबाईनं नवऱ्याचा बंदोबस्त केला होता, उन्हाचा केला होता, हरणांचा केला होता. पोरीला सांगायचं राहून गेलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

सुनंदाबाईंनी डोळे उघडले आणि शेजारी बघितलं. त्यांचे डोळे भरून आले.

"शंतनू, तू सांगितलंस वाटतं हिला?" त्या म्हणाल्या. "अजून घरात आली नाही, आणि आमच्या देवकाला हात जोडते बघ पोर!"

शंतनूनं काहीच सांगितलं नव्हतं. तो नुसता हसला. श्रेय आपसूक मिळत असेल तर घ्यावं, इतकं त्याला कळत होतं. चंदना मात्र डोळे मोठे करून आईकडं बघत राहिली. तिला सगळं एका क्षणात समजलं होतं आणि तिचा चेहरा उतरला होता.

"आमच्या देवकाला, म्हणजे?" मागून आवाज आला.

भगवंतराव आणि सगुणाबाई आली होती. चटया मल्लाप्पानंच भराभर गुंडाळून गाडीत टाकल्या होत्या. त्या एका दिवशी काम आखल्यापेक्षा लवकर झालं होतं. भगवंतरावांचे हात मोर दिसताच छातीपर्यंत आलेले होते. ते तिथंच थांबले.

"मोराचं पीस ना आमचं," सुनंदाबाई कौतुकानं म्हणाल्या. "बरं झालं तुम्ही आलात. ताई सांगेनात, म्हणाल्या पुरुषमाणसंच सांगतात. सासूबाईंना रात्री फोन करायचाय, त्या पहिलं हेच विचारतील. तुमचं देवक कोणतं?"

भगवंतरावांनी बायकोकडं बघितलं. तिच्या चपलेकडं बघितलं. चंदना खाली मान घालून उभी होती. मग त्यांनी बहिणीकडं बघितलं, आणि तिच्याकडं ते बराच वेळ बघत राहिले. सगुणाबाईनं या वेळी तोंड फिरवलं नाही. कपडे काढायला जायला तिथं गच्ची नव्हती. ती भावाकडं सरळ बघत उभी राहिली, रागानं नाही आणि विनवणीनंही नाही. पिंजऱ्यात मोर दाणे टिपत होता.

छातीपर्यंत आलेले हात भगवंतरावांनी वर नेले आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

"कळंब," ते म्हणाले.

"अरे वा! मग काही प्रश्नच नाही," सुनंदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी चंदनाला जवळ ओढलं.

सकवारबाई गजाला धरून उभी राहिली. कळंब तिच्या माहेरचं देवक. लग्न होऊन ती या घरात आली त्या दिवशी ते मागं राहिलं. बाई सासरच्या कुळाची होते, तिचं देवक सासरचं. यात कुणी अन्याय केला असं तिला वाटलं नव्हतं, आणि या घरात तो शब्द इतक्या वर्षांत कुणी उच्चारलाही नव्हता. नवऱ्याला तो आठवत असेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस, खोटं बोलायची वेळ आली तेव्हा त्यानं तिच्या घरचं नाव घेतलं. तिला रडू आलं. सुनंदाबाईंना वाटलं, मुलगी जाणार म्हणून, आणि त्यांनी रुमाल दिला.

परतीच्या वाटेवर भगवंतराव रस्ता दाखवायला पुढं बसले, पण त्यांनी रस्ता दाखवला नाही. मल्लाप्पा चुकून सर्जापूर रोडच्या बाजूला वळून बराच आत गेला तरी त्यांनी त्याला टोकलं नाही. सुनंदाबाई आणि शंतनूला सोडून घरी यायला संध्याकाळ झाली. सगुणाबाईनं दिवा लावला. मग ती भावासमोर येऊन म्हणाली, "अण्णा, कॉफी करू?" एवढंच. तिला स्वतः होऊन काही विचारताना भगवंतरावांनी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. ते हो म्हणाले.

ती आत गेल्यावर ते म्हणाले, "ऊन त्या बाजूनं नव्हतंच."

"नव्हतं," सकवारबाई म्हणाली.

"मला आधी सांगितलं असतंस तर मी मोडलं असतं."

"म्हणून तर नाही सांगितलं."

त्यांनी मान हलवली. बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी भाड्यावरून भांडत होता. भगवंतराव टेबलापाशी जाऊन बसले. वाट्या अजून तशाच मांडलेल्या होत्या. त्यांनी त्या एकात एक घालून बाजूला सारल्या. मोकळ्या जागेवर बोटानं एक चौकोन काढला, लग्नाचा मांडव असावा तसा.

"आता देवक बसवताना कळंबाची फांदी लागंल," ते म्हणाले. आवाज नेहमीचा करायचा प्रयत्न होता, तो काही जमला नव्हता. "भाऊबंद विचारतील. विचारू देत. पण फांदी आणायची कुठून? बेंगळुरात कळंब कुठं आहे ते बघायला पायजे. उद्या निघतो."

"बघायला नको," सकवारबाई म्हणाली. "भाजीला जाताना देवळामागच्या गल्लीत एक लागतं. मोठं आहे, कंपाउंडाबाहेर आलंय."

"भाजीला त्या बाजूनं कशाला जातेस? लांब पडतं की."

"पडतं," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासनं त्याच वाटेनं जाते."